पितळेची रेघ

पाहुणे सोमवारी यायचे होते, ते शनिवारच्या मोटारीनंच आले आणि गुरम्माचं सगळं गणित चुकलं. अनारशांचं पीठ अजून मुरलं नव्हतं. जावयासोबत त्याचे चुलते रेवणप्पाही येणार, हे तर कुणी कळवलंच नव्हतं. रविवारी सकाळी ती चुलीपुढं बसली तेव्हा तिची कंबर धरलेली होती. शेजारी तिची लेक महानंदा कणकेच्या पारीत पुरण भरून धोंडे वळत होती. लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, आणि लग्नात कबूल करूनही लढाईमुळं राहून गेलेली सायकल या निमित्तानं हाती द्यायची, असं गुरम्माच्या नवऱ्यानं, गुरुपादप्पांनी, ठरवलं होतं.

"अव्वा, सायकल हैदराबादहून आली का गं?" महानंदानं विचारलं.

गुरम्मानं चुलीत लाकूड सारलं. "आली म्हणतात तुझे अप्पा."

"तू बघितली न्हाईस?"

"मला काय कळतंय त्यातलं? दोन चाकं हायेत म्हणे."

महानंदा हसली नाही. एरवी ती अशा बोलण्यावर खळखळून हसायची. गुरम्मानं तिच्याकडं पाहायचं टाळलं आणि उगाच पुरणाला दोनदा चटका दिला.

सायकल हैदराबादहून आली नव्हती. लढाईमुळं विलायती माल यायचाच बंद झाला होता. ती इथंच, लातूरच्या गंजामागच्या, धान्यबाजारामागच्या, पत्र्याच्या दुकानात, तिच्या धाकट्या मुलानं, चन्नबसप्पानं, जुन्या नळ्या जोडून केली होती. आणि हे काम करायला त्याला गुरम्मानंच तयार केलं होतं.

दिवाळीनंतर उदगीरची माणसं चन्नाला बघायला आली होती. मुलगा धिप्पाड, घर आडतीचं, सगळं पसंत. मग त्यांनी त्याचे हात बघितले. भट्टीनं करपलेली बोटं, नखांत काळं. "वाण्याचं पोर लोहारकी करतंय," असं मोटारीत बसताना त्यांच्यातली एक बाई म्हणाली, आणि ते सबंध गंजानं ऐकलं. त्या दिवसापर्यंत या घरात चन्नाच्या बाजूनं बोलणारी गुरम्मा एकटीच होती. त्या दिवसानंतर तीही बोलेनाशी झाली. आणि गुरुपादप्पांनी थोरल्या बसलिंगप्पाबरोबर बसून हा सायकलीचा बेत काढला, तेव्हा निरोप घेऊन तीच दुकानात गेली. "एवढं एक कर रे चन्ना. तुझे अप्पा मग तुझ्याशी नीट बोलतील."

चन्नानं विचारलं होतं, "आणि बिल्ला विलायती लावायचा?"

"तुझ्या जुन्या सायकलीचा हाय की."

त्यानं तिच्याकडं बघितलं होतं, आणि तिनं पदर सारखा केला होता.

*

अंगणात सायकल उभी होती. काळी, चकचकीत, पुढच्या नळीवर पितळेचा विलायती बिल्ला. गुरम्मानं हँडलला कुंकू लावलं. जावयाला, मन्मथला, पाटावर बसवून ओवाळलं. मन्मथ नांदेडला तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होता, सडपातळ, थोडा बुजरा, पण सायकल दिसताच तो पाटावरून अर्धा उठला.

"बस, बस. पळून जाईना ती," रेवणप्पा म्हणाले, आणि स्वतःच उठून सायकलीभोवती फिरले. त्यांनी बिल्ला अंगठ्यानं पुसला. "बघ मन्मथ. याला म्हणतात माल! समुद्रात बोटी बुडून राहिल्या अन् इवाईंनी विलायती सायकल पैदा केली. न्हाईतर आमच्या गल्लीत एकजण हाय, भंगाराच्या नळ्या जोडून सायकली करतो. बसलं की म्हातारीच्या गुडघ्यावानी करकरते."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं बसलिंगप्पा हसला. गुरुपादप्पा हसता हसता खोकले.

चन्नबसप्पा खांबाला टेकून उभा होता. त्याला त्या बोलण्याचं काही वाटलं नाही, असं म्हणता येणार नाही. पण त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. तो पुढचं चाक दोन पायांत धरणाऱ्या चिमट्याकडं बघत होता. चिमट्याच्या डाव्या पायाकडं.

लढाईच्या आधी, सरकारच्या जुबिलीच्या साली, नांदेड ते लातूर सायकलींची शर्यत झाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत चन्नबसप्पा सगळ्यांच्या आधी गंजात आला, तालुकदारसाहेबांनी हार घातला, आणि गुरुपादप्पांनी हमाल-तोलाऱ्यांपासून मोठ्या आडत्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. चांदीचा चषक आडतीच्या गादीमागं फळीवर ठेवला. पुढच्या वर्षी चाकूरच्या उतारावर तो पडला. गुडघा कामातून गेला, फ्रेम मोडली. ती मोडकी फ्रेम तो स्वतःच जोडायला बसला, आणि त्या कामावरून पुन्हा उठलाच नाही. चषक अजून फळीवर होता. तो कुणी जिंकला हे गिऱ्हाइकांना सांगणं मात्र गुरुपादप्पांनी सोडून दिलं होतं.

लढाईत त्याचं काम वाढलं. औसा, निलंग्याकडून माणसं फ्रेमी करून घ्यायला येऊ लागली. ती माणसं सांध्याकडं वाकून बघत. नळी सांध्याच्या बाहीत बसवून भट्टीत लाल करायची, एका कडेला पितळ धरायचं. आग बरोबर असली की पितळ आतून वाहत जाऊन दुसऱ्या कडेला निघतं, केसाएवढी पिवळी रेघ होऊन. रेघ पूर्ण फिरली म्हणजे सांधा आतून भरला. चन्नबसप्पा त्या रेघेवर कधी रंग लावत नसे. तीच त्याची सही होती.

पण विलायती सायकलीला अशी रेघ नसते. म्हणून या सायकलीच्या प्रत्येक सांध्यावरची रेघ कानशीनं घासून वर रंग चढवायचा होता.

शनिवारी संध्याकाळी तो चिमटा जोडत होता. कोळसा ओलसर होता, आग धरत नव्हती. डाव्या पायाची रेघ अर्ध्यावर येऊन थांबली. परत तापवायला पाहिजे होता. तेवढ्यात बसलिंगप्पा दारात आला. आत त्यानं पाऊल टाकलं नाही. "पाव्हणे आजच आलेत. उद्या ताटं वाढायच्या आधी सायकल अंगणात पायजे. अप्पांनी सांगितलंय." रात्रभरात एक तर सांधा पुन्हा तापवता येत होता, नाही तर रंग वाळवता येत होता. दोन्ही होण्यासारखं नव्हतं. चन्नबसप्पा बराच वेळ कानस हातात धरून बसला. इतर कुणाची सायकल असती तर तो असा विचार करत बसला नसता. पण इथं रेघ घासायचीच होती. अर्धी असली काय, पूर्ण असली काय, कुणाला दिसणार होती?

त्यानं अर्धी रेघ घासली आणि रंग लावला.

ओवाळणं झाल्यावर मन्मथ त्याच्यापाशी आला आणि वाकून पाया पडला. "अण्णा, तुम्हाला आठवायचं न्हाई. शर्यतीच्या वेळी मी अहमदपूरला मामाकडं होतो. नाक्यावर तुमच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं ते मीच."

चन्नबसप्पाला ते पाणी आठवत होतं. ओतणारा हात आठवत नव्हता.

"आता तुम्हीच सांगा," मन्मथ म्हणाला, "कशी हाय सायकल? या घरात तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

गुरुपादप्पा टोपी सारखी करत होते. स्वयंपाकघराच्या दारात गुरम्मा, तिच्यामागं महानंदा.

"चांगली हाय," चन्नबसप्पा म्हणाला.

जेवताना मन्मथला काय बोलू न् किती बोलू असं झालं होतं. "संध्याकाळी हिला मागं बसवून सिद्धेश्वराला जाऊन येतो. अन् काका, परवा तुम्ही दोघं मोटारीनं जा. मी सायकलवर येतो. अण्णा आले तोच रस्ता, उलटा."

"चाकूरच्या घसरतीवर सांभाळ म्हणजे झालं," रेवणप्पा म्हणाले. "धोंडे वाढा की हो आणखी. जावयाला वाढा, अन् त्याच्या काकाला जास्त वाढा."

चन्नबसप्पाच्या पानावरचा धोंडा तसाच राहिला. आधी वडील उठले, त्यांच्यामागं तो उठला. हात धुवायच्या दगडापाशी त्यानं हळूच हाक मारली.

"अप्पा."

"काय?"

"चिमटा एकदा खोलून बघायला पायजे. डावा सांधा भरला न्हाई."

गुरुपादप्पांनी तांब्या खाली ठेवला. "भरला न्हाई म्हणजे?"

"आत पितळ न्हाई. मोडंल."

"आज मोडंल?"

"आज मोडंल, न्हाईतर महिन्यानं. सांगता येत न्हाई."

"मग महिन्यानं बघू. नांदेडला जाऊन नीट करून ये गुपचूप."

"तो संध्याकाळी नंदाला मागं बसवणार हाय, अप्पा."

गुरुपादप्पांनी पडवीकडं नजर टाकली. रेवणप्पा दात कोरत बसले होते. "पाव्हण्यांच्या पुढं सायकल खोलणार तू? अन् विचारलं तर काय सांगू? विलायती माल आमच्या पोरानं दुरुस्त केला? लेकीला त्या घरात नांदायचंय, चन्ना. एवढा एक दिवस इज्जतीनं जाऊ दे."

ते निघून गेले. चन्नबसप्पानं हात धुतले. मग अंगणात जाऊन त्यानं सायकल स्टँडवरून काढली आणि मन्मथला म्हणाला, "आधी मी एक फेरी मारतो. नवी हाय. जरा मोकळी झाली पायजे."

मन्मथचा चेहरा उजळला. "मारा की अण्णा! आम्हालाही बघायला मिळंल."

*

महानंदा दारात उभी राहून बघत होती. अण्णाला सायकलवर बसलेलं तिनं किती तरी वर्षांत बघितलं नव्हतं. दुखरा गुडघा आधी वाकेना. मग वाकला, आणि पाठ खाली गेली, मान पुढं आली, आणि तो लांब गेला तेव्हा एवढासा दिसला तरी तोच आहे हे कुणीही सांगितलं असतं. गंजातले दोन-चार हमाल उठून उभे राहिले. "चन्नाप्पा निघाले रे," कुणी तरी ओरडलं.

गल्लीच्या तोंडाशी आडवी दगडी नाली होती. सायकलवाले तिथं उतरून जात. तो उतरला नाही. वेगात आला, पुढचं चाक उचललं आणि दगडावर आपटलं. सायकल नाली ओलांडून आली.

"वा!" मन्मथ म्हणाला.

अण्णा वळला, लांब गेला आणि पुन्हा आला. या वेळी आणखी जोरात. महानंदाला कळलं की तो चुकून आपटत नाहीये. तिनं दाराची चौकट धरली. चाक दगडावर आदळलं, ऊस मोडावा तसा आवाज झाला, पुढचं चाक तिरकं आत गेलं, आणि तो तोंडावर पडला.

सगळे धावले. सगळ्यांत आधी बसलिंगप्पा पोहोचला, आणि त्यानं सायकल उचलली, भावाला नाही.

"डोळे फुटले का तुझे? दुसऱ्याच्या वस्तूवर उड्या मारतो!"

"वाण दिलेली सायकल," रेवणप्पा धापा टाकत म्हणाले. "तासाभरात मोडली. हे बरं न्हाई इवाई. हे शुभ न्हाई."

"जळतो हा!" गुरुपादप्पा ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "बहिणीच्या सुखावर जळतो! स्वतःच्या जन्माचं वाटोळं केलं, आता दुसऱ्याचं बघवत न्हाई याला!"

अण्णा उठून बसला. ओठ फुटला होता, सदरा रक्तानं भरला होता. तो कुणाकडंच बघत नव्हता. महानंदाला वाटलं, तो चिडेल, निदान रडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं काही तरी होतं, आणि वडिलांच्या शिव्या तो आपल्या मापाच्या असल्यासारख्या अंगावर घेत होता.

रेवणप्पा गुरुपादप्पांना सांगत होते, "आता दुकानदाराला सोडायचं न्हाई. कुणाकडून घेतली? नाव सांगा. पुढच्या महिन्यात माझं हैदराबादला जाणं हाय, मी जाऊन विचारतो त्याला. असा कसा विलायती चिमटा दगडाला मोडतो?"

गुरुपादप्पा धोतराची धूळ झटकू लागले.

महानंदा सकाळी उठल्या उठल्या दुकानात जाऊन आली होती. अण्णा नव्हता. कोपऱ्यात त्याची शर्यतीची सायकल टांगलेली होती, आणि तिच्या पुढच्या नळीवर, बिल्ल्याच्या जागी, दोन भोकं होती. मग घरी येऊन तिनं पडवीत झाकून ठेवलेल्या सायकलीवरचं फडकं वर केलं होतं. तेव्हाच तिला सगळं कळलं. तरी तिनं आईला विचारलं, सायकल हैदराबादहून आली का म्हणून. आई काय सांगते ते बघायला. आणि आई खोटं बोलली तेव्हा तिला बरंच वाटलं. नांदेडला तिची मोठी जाऊ येता-जाता म्हणायची, "तुझा भाऊ नाल ठोकतो ना गं?" विलायती सायकल दारात लागली की ते तोंड बंद होणार होतं. सकाळपासून महानंदा मनात तेच बघत होती.

ती खाली उतरली. डोक्यावरचा पदर तिनं आणखी पुढं ओढला.

"अप्पा, अण्णाला जळका म्हणू नका."

"तू आत जा," बसलिंगप्पा म्हणाला.

"सायकल अण्णानंच केलीय. बिल्ला त्याच्या शर्यतीच्या सायकलीचा हाय." तिनं बिल्ल्याकडं बोट केलं. "मला सकाळीच कळलं. मी पण गप बसले. मला पण विलायतीच पायजे होती."

*

गुरुपादप्पांना वाटलं, रेवणप्पा ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "इवाई, खरं का हे?"

गंजातली माणसं जमली होती. ज्यांना एके काळी पेढे वाटले तीच. गुरुपादप्पांनी उभ्या आयुष्यात बाजारात माल एक दाखवून दुसरा दिला नव्हता. लोक त्यांच्या शब्दावर गाड्या रिकाम्या करत. आणि मघाशी, सगळ्यांदेखत, स्वतःचं खोटं झाकायला त्यांनी रक्तानं माखलेल्या मुलाला जळका म्हटलं होतं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हाही त्यांना माहीत होतं की मुलानं सायकल का आपटली.

"माझ्या पोरानं केली," ते म्हणाले. "बिल्ला मी लावायला लावला. चिमट्यात खोट हाय, हेही त्यानं मला सांगितलं होतं. जेवण झाल्यावर. मीच गप बसवला."

मन्मथ खाली बसला होता. त्यानं चिमट्याचा मोडलेला पाय उचलला आणि ज्या टोकाला तो सांध्यातून निखळला होता तिथं बोट फिरवलं. अर्धी कड पिवळी होती, अर्धी काळी.

"हे असंच असतंय का?" त्यानं चन्नबसप्पाला विचारलं.

"न्हाई. सगळं पिवळं पायजे."

"मघाशी मी विचारलं, सायकल कशी हाय. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"मी हिला मागं बसवणार होतो, अण्णा."

चन्नबसप्पानं मान खाली घातली. मन्मथनं तो तुकडा आवाज न करता जमिनीवर ठेवला आणि उठून आत गेला. पाणी ओतल्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

पाहुणे संध्याकाळच्या मोटारीनं निघाले. रेवणप्पा वाणाच्या ताटाकडं न बघता गाडीत जाऊन बसले. गुरम्मा ताट धरून उभी होती. महानंदानं ते आपल्या हातात घेतलं आणि नवऱ्यापुढं धरलं. मन्मथ बायकोकडं बघत राहिला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तेव्हा त्यानं ताट घेतलं, आणि ती त्याच्यामागं गाडीत चढली.

मोटारीची धूळ बसल्यावर गुरुपादप्पा घरी गेले नाहीत. ते गंजाला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. मुलाच्या दुकानाचा उंबरा त्यांनी आजवर ओलांडला नव्हता. बाहेर क्षणभर थांबून ते आत शिरले.

चन्नबसप्पानं भट्टी पेटवली होती. सुजलेला ओठ घेऊन तो सायकलीचा एकेक सांधा तापवून सोडवत होता.

"हे काय करून राहिलास? चिमटाच मोडलाय ना?"

"सगळीच खोलणार हाय. रेघा घासून टाकल्या मी. आता कुठला सांधा भरलाय अन् कुठला न्हाई, मलाच सांगता येत न्हाई."

निघालेला बिल्ला जमिनीवर पडला होता, तो गुरुपादप्पांनी उचलला. "हा तरी त्या जुन्या सायकलीला परत लाव."

"भोकं मोठी झाली काढताना. आता बसायचा न्हाई तो."

बाहेर हमाल कुणाला तरी हाका मारत होते. गुरुपादप्पा बिल्ला मुठीत घेऊन उभे राहिले. बसायला एक लाकडी खोकं होतं, गिऱ्हाइकांसाठी. हातातला सांधा सोडवून झाल्यावर चन्नबसप्पानं ते फडक्यानं पुसून त्यांच्याकडं सरकवलं. ते बसले.

"रेघ म्हणतोस ती," ते म्हणाले, "कशी असते रे?"

चन्नबसप्पानं भिंतीवरची एक तयार फ्रेम उतरवून त्यांच्यापुढं धरली. सांध्याच्या कडेनं बारीक पिवळी रेघ गेली होती, कुठंही न तुटता. गुरुपादप्पा वाकले. धान्याचा दाणा पारखावा तसं त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि गोल फिरवू लागले.

"हळू अप्पा," चन्नबसप्पा म्हणाला. "बाजूचा रंग ओला हाय. औशाच्या गिऱ्हाइकाची हाय ती."

गुरुपादप्पांनी बोट मागं घेतलं.